कृषीमंत्री साहेब, तेल्या रोपासोबतच बागेत येतोय

मा. कृषीमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार,

साहेब, मी सांगोला तालुक्यातला डाळिंबवाला. यंदा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला फुलणारं पीक, धरला, फळधारणा एक नंबर झाली आणि फळं लिंबाएवढी असताना चार दिवस झड लागली. ऊन पडल्यावर एक पान वर धरून बघितलं तर तेल सांडल्यासारखा डाग, त्यातनं उजेड दिसत होता. तिथंच बांधावर बसलो. पुढं फळांवर काळे डाग, डागावर भेगा, व्यापारी गेटवरूनच माघारी.

हाच डाळिंबाचा तेल्या रोग. तो बुरशीनं होत नाही, झॅन्थोमोनास नावाच्या जिवाणूनं होतो. हा जिवाणू पानाची जी बारीक छिद्रं असतात तिथनं, नाहीतर काट्याचा ओरखडा, छाटणीची जखम, कुठनंही आत शिरतो आणि सुईसारख्या नळीनं झाडाच्या पेशीत स्वतःची प्रथिनं सोडतो, म्हणजे झाडाची स्वतःची राखणच झोपवून टाकतो, मग आपण वरनं फवारतोय आणि हा पानाच्या आत वाढतोय! पावसाचा थेंब डागावर पडून उडाला की शेजारच्या झाडावर.

आम्ही आमच्या परीनं सगळं करतो, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो, झाडागणिक कात्री हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवतो, गळलेली पानं वेचून जाळतो, पाऊस टाळायला कित्येकांनी पावसाळा सरताना फुलणारा हस्त बहार धरलाय. पण रोपच रोगी असेल तर काय करायचं? मी गुट्या (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेली रोपं) आणल्या त्या हिरव्यागार होत्या, पक्की पावती होती, आणि नंतर कळलं की ज्या बागेतनं त्या बांधल्या ती बाग तेल्यानंच काढून टाकली होती. डाग नसलेल्या फांदीतही हा जंतू गप्प बसून असतो, डोळ्यांनी ओळखू येत नाही, जंतूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर टेस्टमध्ये मात्र सापडतो.

सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, म्हणजे जाणकार माणसं जिल्ह्यातच आहेत. त्यांना सोबत घ्या आणि गुटी विकायच्या आधी मातृवृक्षाची, म्हणजे ज्या झाडावर ती बांधली त्याची, ही टेस्ट सक्तीची करा, रिपोर्टचा नंबर पावतीवर छापायला लावा. अनुदान फवारणीला देण्यापेक्षा आधी या टेस्टला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एक एकर बाग काढलीय, खड्डे रिकामे ठेवलेत. रिपोर्टवाली रोपं कुठं मिळतील तेवढं कळवा.

आपला,
एक डाळिंब उत्पादक, सांगोला