पोराचा अर्धा रोज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी द्राक्ष बागायतदार आहे. दिंडोरी तालुक्यात तीन एकर बाग आहे. माझ्या बागेत बारा वर्षांच्या एका मुलाने अख्खा हंगाम काम केले आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून कोणीतरी विचारणारच, की तुमच्याकडे काय होते म्हणून.

१२ जूनचा बालकामगारविरोधी दिन आला की वर्तमानपत्रांत ठरलेल्या बातम्या येतात. हॉटेलवर धाड, गॅरेजवर धाड, दोन-चार मुलांची सुटका, मालकावर गुन्हा. कायद्यात २०१६ च्या दुरुस्तीपासून मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजारांचा दंड किंवा दोन्ही आहे. तो व्हावाच. पण सुटलेला मुलगा घरी गेल्यावर त्या घरची चूल कशी पेटते, ही बातमी काही माझ्या वाचनात आली नाही. शिवाय धाडी पडतात हमरस्त्यावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफचा २०२४ चा अंदाज सांगतो की जगात १३ कोटी ८० लाख मुले कामाला जुंपलेली आहेत आणि त्यांतली ६१ टक्के शेतीत आहेत. शेतावर धाड टाकायला कोण येणार? आमच्या बागेला निर्यातीचे प्रमाणपत्र असल्याने फाटकावर 'येथे बालकामगार नाहीत' अशी पाटी आहे. त्या हंगामातही ती होतीच.

झाले असे. पेठ तालुक्यातले एक जोडपे बारा-तेरा वर्षे आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीला येत होते. टोळीबरोबर यायचे, बांधाला ताडपत्रीचे खोपटे टाकायचे, छाटणी, पेस्ट, फेलफूट (नको ते फुटवे काढणे), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणे), विरळणी (घडातले मणी कमी करणे) असे करत माल निघेपर्यंत राहायचे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नवरा काविळीने गेला. दवाखान्यात उसनवारी झाली. त्या वर्षी टोळी आली तेव्हा नवऱ्याच्या जागी सातवीतला मुलगा उभा होता. बाई म्हणाली, "भाऊ, ह्याचा अर्धा रोज तरी धरा."

मी धरला. बाईला ३००, पोराला १५०. मनात म्हटले, नाही धरला तर शेजारचा धरेल. सगळेच मालक हेच म्हणतात.

ज्यांना बागेची माहिती नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडची बरीच कामे उक्ती जातात. एकरी भाव ठरतो आणि किती हात लागले ते टोळीने बघायचे. अशा कामात मूल कुठल्याच वहीत येत नाही. विचारले तर 'आई-बापाला मदत करतंय' एवढेच उत्तर. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करायला कायद्यात सवलत आहे, पण मजुराच्या पोराला मालकाची बाग म्हणजे घरचा धंदा कसा होईल? तरी अर्थ सगळे तसाच लावतात. आणि छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला जी पेस्ट लावतात ती हायड्रोजन सायनामाइडची असते. ती लावताना मोठ्या माणसालाही हातमोजे लागतात.

डिपिंगच्या दिवसांत एकदा त्या मुलाला मी शाळेचे विचारले. म्हणाला, नाव आहे पटावर. ते खरे होते. सलग महिनाभर गैरहजर राहिल्याशिवाय मूल शाळाबाह्य धरत नाहीत. हा पोरगा पंधरा-वीस दिवसांनी गावी जाऊन एक दिवस वर्गात बसून यायचा.

मग मी चौकशीला लागलो. उशिरा लागलो, हेही खरे. चौकशीत कळले ते ऐकून मी गार झालो. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असले, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार. विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५००. आणि एक पालक गेलेल्या मुलाला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५०. त्या बाईला दोन मुले, मुलगी तेव्हा तिसरीत. म्हणजे महिन्याला ६,००० झाले. (लाडकी बहीण आणि निराधार यांपैकी एकच मिळते, म्हणून १,५०० मी एकदाच धरले आहेत.) माझ्या बागेत तो मुलगा महिन्यातले वीस दिवस भरला तर त्याचे होत होते ३,०००.

संपादक महाशय, माझे म्हणणे एवढ्यातच आहे. सरकारने त्या घरासाठी जे कागदावर ठेवले होते ते पोराच्या मजुरीच्या दुप्पट होते. रक्कम कमी पडली नाही. ती आली चौदाव्या महिन्यात.

चौदा महिने कशात गेले? मृत्यूची नोंद जिथे माणूस वारला तिथे होते, म्हणून दाखला गावात नाही, नाशिकला. उत्पन्नाचा दाखला तहसीलला, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. शाळेचे बोनाफाईड पेठला. आधारवर नवऱ्याचे नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. बालसंगोपनाच्या अर्जाला मुलांचा पालकासोबत घरासमोर उभे राहून फोटो लागतो. घर पेठला कुलपात, माणसे माझ्या बांधावर. फोटोसाठी तिघे जाऊन आली, त्यात दोघांचे दोन दिवसांचे रोज बुडाले. मग नाशिकला महिला व बालविकासच्या कार्यालयात अर्ज, तिथून बाल कल्याण समितीपुढे हजेरी. एसटीला बाईला अर्धे तिकीट आहे हे खरे, पण बुडालेला रोज पुरा असतो. एका खिडकीवर तर साहेब रजेवर म्हणून तीनदा परत पाठवले. मी सोबत होतो, मला लिहिता-वाचता येते, माझ्याकडे मोटारसायकल आहे, तरी हे.

निराधार योजनेची उत्पन्नाची मर्यादा बघा. वर्षाला २१,०००. रोज ३०० रुपये मिळवणारी बाई सत्तर दिवसांत ही मर्यादा गाठते. म्हणजे एकतर तिने वर्षातले दहा महिने बसून खावे किंवा खोटे बोलावे. म्हणून आमच्या भागात दाखल्यावर सगळ्यांचेच उत्पन्न वीस हजार असते. तलाठ्यालाही ठाऊक, तहसीलदारालाही ठाऊक. गरीब माणसाला हक्काचे घ्यायलाही आधी खोटे बोलायला लावायचे, हे कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे. शाळेतल्या मुलींचा उपस्थिती भत्ता १९९२ साली दिवसाला एक रुपया ठरला. तीस वर्षांनंतरही तो रुपयाच राहिला. त्यावर जास्त लिहीत नाही.

पैसा दिल्याने पोरे कामावरून सुटतात का, हा प्रश्न आता राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफने २०२२ मध्ये जगभरातले ६२ अभ्यास तपासून सांगितले, की घराला आधार मिळाला की बहुतेक ठिकाणी बालमजुरी कमी होते. सगळीकडे सरळ होते असेही नाही. आफ्रिकेतल्या मलावीत मिळालेला पैसा घरच्या शेती-जनावरांत गेला आणि मुलांचे बाहेरचे काम कमी झाले तरी घरचे वाढले. शेळ्या आल्या की त्यांच्या मागे कोण जाते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणजे नुसता पैसा नको, शेजारी शाळा, वसतिगृह, दुपारची खिचडीही हवी. पण पैसा आधी.

'पैसे दारूत जातील' असे म्हणणारे आमच्या पारावरही पुष्कळ आहेत. पोराचे दीडशे त्याच घरात जात होते, तेव्हा कोणी विचारले नाही.

नाशिक जिल्ह्याने २०२२ च्या सप्टेंबरात काय पाहिले ते आठवा. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीवरची दहा वर्षांची मुलगी मेंढ्या राखायला पाठवलेली होती. तिला मरणासन्न अवस्थेत आणून झोपडीपुढे टाकले आणि नाशिकच्या दवाखान्यात ती मरण पावली. मग एकेक करून आणखी मुले निघाली. किंमत काय, तर काहीशे ते काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. त्यावर वेठबिगारीचे गुन्हे दाखल झाले. सुटलेल्या मुलाला २०१६ च्या केंद्रीय योजनेत २ लाखांची तरतूद आहे. सुटल्यानंतर लाखांची भाषा आहे. त्या आईबापांना अडलेल्या आठवड्यात दोन हजार देणारा फक्त मेंढ्यांचा मालक होता. आमच्याकडचा मुकादमही तसाच, पोळ्याच्या सुमारास दारात येतो, उचल देतो, अंगठा घेतो. तो उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

वेळेवर देणे सरकारला जमत नाही असे मात्र म्हणू नये. आम्ही मूळचे सिन्नरकडचे. ७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी तेव्हा नुकती सुरू होत होती, कायदा पुढे १९७७ ला झाला. आठवडे बाजाराला आईच्या हातात पैसे असायचे आणि कामावर सुकडी मिळायची. आम्ही भावंडे शाळेत राहिलो ती त्या खडीवर. आईला कोणी दाखला मागितला नव्हता. मागेल त्याला काम, एवढेच सूत्र होते.

आज तर सरकारला आधीच सगळे माहीत असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. म्हणजे तिशी-चाळिशीतला बाप गेला हे तीन आठवड्यांत सरकारच्या संगणकात असते. त्याचे रेशनकार्ड आहे, त्यावर मुलांची नावे आहेत, मुलांचे आधार शाळेत जोडलेले आहेत. मग अर्ज बाईने का करायचा? नोंद झाली की ग्रामसेवकाने नाहीतर मुख्याध्यापकाने घरी जावे, पहिले तीन-चार महिने बालसंगोपनाचे पैसे तात्पुरते सुरू करावेत आणि कागद मागाहून तपासावेत. चूक निघाली तर बंद करा. दहांत एखादा खोटा निघेल. नऊ पोरांची सातवी वाचेल. तशीच गोष्ट हंगामी वसतिगृहांची, म्हणजे आई-बाप कामाला बाहेर गेल्यावर पोरांना गावातच ठेवून घेणाऱ्यांची. ती छाटणीच्या आधी सुरू झाली पाहिजेत. आई-बाप पोरांना घेऊन बागेवर पोचल्यानंतर वसतिगृह उघडून उपयोग काय?

मालकांच्या बाजूनेही एक सांगतो. तेव्हापासून मी टोळीशी ठरवतानाच सांगतो, की चौदाच्या आतले मूल कामात दिसले तर उक्ता व्यवहार मोडला. त्यामुळे मी फार मोठे काही केले असे नाही. ती पोरे माझ्याकडून उठून दुसऱ्याच्या बागेत गेली असतील, अशी शंका मला आहे.

तो मुलगा पुन्हा शाळेत गेला नाही. पैसे आले तेव्हा त्याचे एक वर्ष बुडालेले होते आणि हातात रोजाची सवय आली होती. आता तो पिंपळगावला क्रेट भरायला जातो. नुकतीच त्याला चौदा पूर्ण झाली, म्हणजे धोक्याचे नसलेले काम त्याला कायद्यानेच करता येते. त्याची बहीण मात्र पाचवीत आहे. यंदा आई छाटणीला आली तेव्हा मुलगी बरोबर नव्हती. आजीकडे ठेवलीय, शाळा आहे ना तिची, असे म्हणाली.

त्या मुलीचे गेल्या तीन महिन्यांचे पैसे आलेले नाहीत. केवायसी राहिली आहे म्हणतात. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा नाशिकला जाणार आहोत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक