साडेआठला परत फिरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1971 साली 2 फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर इथे पाणथळींच्या संरक्षणाचा करार झाला. ती तारीख आता ‘जागतिक पाणथळ दिन’ म्हणून पाळली जाते आणि तिच्या आगेमागे दलदलीकाठी पक्षी पाहायच्या सहली निघतात. वेळापत्रक ठरलेलं असतं: उजाडताना बांधावर, साडेआठला परत. बदकांसाठी ते ठीक आहे. पण शिकारी पक्षी पाहायचे असतील तर त्यात सकाळचा अर्धा भाग हातचा जातो. ‘गरुड काही दिसला नाही’ म्हणत मंडळी गाडीत बसतात, आणि गरुड त्यानंतर तासाभराने आकाशात चढतो.

याचं कारण हवेत आहे. गरुड अंगाने जड आणि पंखांनी रुंद. नुसते पंख मारत राहणं त्याला परवडत नाही. त्याला जमिनीवरून वर चढणारी गरम हवा लागते. थंडीच्या दिवसांत ती तयार व्हायला सूर्योदयानंतर दोन-अडीच तास सहज जातात. शिवाय पाणी सावकाश तापतं, कोरडी जमीन लवकर. म्हणून गरम हवेचा पहिला झोत दलदलीवर नव्हे, तर तिच्या कडेच्या नांगरलेल्या शेतावर किंवा माळावर उठतो. साडेनऊनंतर पाण्याकडे पाठ करून मागचं आकाश बघावं, ते यासाठी. तिथे आधी घारी गिरक्या घेऊ लागतात. घारी न पंख हलवता चढताना दिसल्या की समजावं, वेळ झाली.

पहिला तास मात्र भोवत्यांचा, म्हणजे हॅरियरचा. हा पक्षी हलका, पंख लांब. थंड हवेतही त्याचं काही अडत नाही. रात्री हे पक्षी झाडावर नाही, तर उंच गवतात किंवा पाणकणसात जमिनीवरच, बहुधा एकत्र बसतात. सूर्य वर यायच्या सुमारास एकेक उठतो आणि दोन-चार मीटर उंचीवरून गवताचा पट्टा विंचरत जातो. तोंडाभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी असल्याने गवतातली खुसफुस त्याला ऐकू येते, म्हणूनच तो इतका खालून आणि सावकाश उडतो. शोध घेताना तो शक्यतो वाऱ्याला सामोरा असतो. उगवतीकडच्या बांधावर, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहणं उत्तम. वाराही त्याच बाजूने येत असेल तर पक्षी आपणहून तुमच्याकडे येतो. मावळतीकडच्या बांधावरून तोच पक्षी नुसता काळा दिसेल.

सर्वात जास्त घोटाळा दलदली भोवत्याची मादी आणि घार यांच्यात होतो. दोघी तपकिरी, आकारात फार फरक नाही. रंगाच्या मागे लागू नये, आधी पंख पाहावेत. तरंगताना भोवत्या पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरतो. घार ते सपाट किंवा किंचित वाकवून धरते, आणि तिची दुभागलेली शेपटी सुकाणूसारखी सतत वळत असते. मग मादीचा मलईरंगी माथा आणि गळा शोधावा. नर तिरंगी: पंखांत राखाडी, अंगाने तपकिरी, टोकं काळी. (वर्तमानपत्रांत या मादीचं छायाचित्र ‘झेपावणारा गरुड’ म्हणून छापलेलं अनेकदा दिसतं. आपल्याकडे भोवत्या हा इतका नेमका शब्द असताना तो वापरायला काय हरकत आहे?)

पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांचे नर सोपे आहेत. पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला काळी अरुंद पाचर असते. माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी पट्टीही दिसते. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं हा मात्र अवघड विषय आहे. पांढुरक्याच्या मादीच्या गडद गालामागे फिकी कॉलर असते, पण ती चांगल्या उजेडात आणि जवळून. तशी दिसली नाही तर वहीत ‘दोन्हींपैकी एक’ लिहावं. ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ही नोंद जास्त कामाची.

आकाश विंचरण्यापेक्षा पाण्यावर लक्ष ठेवणं बरेचदा फायद्याचं ठरतं. भोवत्या कडेकडेने येऊ लागला की वारकरी नावाचे काळे पाणपक्षी काठ सोडून उघड्या पाण्यात सरकतात आणि दाटीने गोळा होतात. टिटव्या ओरडत उठतात, पण त्या माणसालाही ओरडतात, त्यामुळे एकट्या टिटवीवर विसंबू नये. तुतवार आणि पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी घट्ट गोळ्याने उठून एकदम वळणं घेऊ लागले तर वर बघावं. बहिरी ससाणा असण्याची शक्यता मोठी. तो पक्षी हवेतच धरतो, सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तो दिसेपर्यंत प्रसंग बहुधा संपलेला असतो.

मोठा ठिपकेदार गरुड दलदलीजवळच राहतो, पण ऊन तापेपर्यंत एकट्या झाडावर किंवा बांधावर काळ्या गाठोड्यासारखा बसून असतो. त्यामुळे पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी झाडांचे शेंडे दुर्बिणीने तपासावेत. उडाल्यावर समोरून पाहिलं तर त्याच्या पंखांची टोकं खाली झुकलेली असतात, भोवत्याच्या नेमकी उलट. कैकर ऊर्फ ऑस्प्रेला गरम हवेची वाट पाहायची गरज नसते. उघडं पाणी आणि मासे हवेत. तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि पाय पुढे करून सूर मारतो. मासा नेताना त्याचं डोकं पुढे धरतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी.

साधनांबद्दल थोडक्यात. 8×42 ची (8 पट वर्धन, 42 मिलिमीटरचं भिंग) दुर्बीण पुरते. 10 पट वर्धनात हाताचा कंप जाणवतो आणि फिरता पक्षी चौकटीतून निसटतो. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली फिरवावी, नाहीतर निम्मंच दृश्य दिसतं. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण असेल तर दहानंतर ती 20–30 पटींवरच ठेवावी. तापलेली हवा थरथरते, आणि 60 पटींवर पक्ष्यापेक्षा ती थरथरच मोठी होऊन दिसते.

मोजणीत एक चूक हमखास होते. भोवत्या तीच फेरी पुन्हा पुन्हा मारतो, आणि एका मादीच्या पाच माद्या होतात. एका वेळी एकत्र दिसलेल्यांचा सर्वात मोठा आकडा धरावा. त्यात वेगळा पक्षी तेव्हाच मिळवावा, जेव्हा पिसारा स्पष्ट वेगळा असेल किंवा पंखात गळलेल्या पिसाची खाच ओळखता येत असेल.

आता तक्रार. हल्ली उडतानाचा फोटो मिळावा म्हणून गवतात शिरून भोवत्ये उठवले जातात, वर ड्रोनही सोडले जातात. जमिनीवर झोपणाऱ्या पक्ष्याला गवतात शिरलेलं पाऊल कोल्ह्याचं की माणसाचं, यात फरक नसतो. वारंवार उठवलं की ती निवाऱ्याची जागा सोडली जाते, आणि तेवढं गवत दुसरीकडे असेलच असं नाही. आमच्या मते निवाऱ्यापासून निदान 200 मीटर दूर, बांधावरच थांबावं आणि त्याची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नये. स्थिर उभ्या माणसाजवळून भोवत्या खुशाल जातो, त्यामुळे फोटोचंही त्यात नुकसान नाही.

सहलींच्या आयोजकांना विनंती एवढीच की पत्रकात परतीची वेळ साडेदहा छापावी. धुकं असेल तर साडेअकरा.

आपले,
पाणथळींवर नियमित जाणारे काही पक्षीनिरीक्षक