हब डायनॅमोच्या चार्जरवर स्पीड पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायकल चालवता चालवता मोबाईल फुकटात चार्ज होतो, ही आपल्या पुरवणीतली माहिती वाचली. हब डायनॅमोबद्दल, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात (हबमध्ये) बसवलेल्या वीज बनवणाऱ्या यंत्राबद्दल, मराठीत कोणीतरी लिहिलं याचाच आधी आनंद झाला, कारण वस्तू खरंच भन्नाट आहे आणि बऱ्याच जणांना माहितीच नाहीये. पण चार्जरच्या बॉक्सवर जसा '५ व्होल्ट, १ अँपिअर' असा आकडा असतो तसाच तो छापून मोकळे झालात, तो किती स्पीडला मिळतो हे ना बॉक्सवर असतं ना तुमच्या लेखात होतं, म्हणून हे पत्र.

टायरला घासून चालणारा बाटलीसारखा डायनॅमो सगळ्यांनी पाहिलाय. हबचा डायनॅमो पुढच्या चाकाच्या मधोमध, हबच्या पोटातच असतो, त्यामुळे टायर झिजत नाही आणि पावसात घसरतही नाही. कल्पना जुनीच आहे, इंग्लंडच्या स्टर्मी आर्चर कंपनीने १९३० च्या दशकातच असे हब काढले होते. आज मिळणारे बहुतेक हब ६ व्होल्ट ३ वॉटचे असतात आणि हे ३ वॉट ताशी १५ किलोमीटरच्या आसपास मिळतील असं धरलेलं असतं. हे माप दिव्यासाठी ठरलंय, फोनसाठी नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आता हिशोब करा. हबमधून एसी (सतत दिशा बदलणारी वीज) येतो, त्याचा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करायचा, मग तो ५ व्होल्टवर आणायचा, यात थोडी वीज जातेच, म्हणजे हातात अडीच वॉट पडले तरी भरपूर. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर, म्हणजे रिकामा फोन भरायला न थांबता आठ तास, आणि फोनच्या आत वाया जाणारी वीज धरली तर नऊ-दहा तास पण लागतील. त्यात स्क्रीन चालू ठेवून नकाशा बघत गेलात तर जेवढी वीज येते तेवढी फोनच खातो आणि टक्का जागचा हलत नाही. याचा अर्थ वस्तू वाईट आहे असा अजिबात नाही, लांबच्या प्रवासात सॉकेट न शोधता दिवसा जीपीएस आणि रात्री दिवा चालू राहणं हे केवढं मोठं सुख आहे हे वापरणाऱ्यालाच कळतं. फक्त फास्ट चार्जरची अपेक्षा ठेवून कोणी घेऊ नये.

मग तो १ अँपिअर येतो कुठून? हबचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास अडकलेला असतो, कारण स्पीड वाढला की व्होल्टेज वाढतं खरं पण फ्रिक्वेन्सी (वीज दिशा बदलते तो वेग) पण वाढते आणि तिच्याबरोबर हबमधल्या कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, अडथळाही वाढतो. चांगला चार्जर काय करतो, तर जोरात चालवताना तोच अर्धा अँपिअर जास्त व्होल्टेजवर घेतो आणि आत ते ५ व्होल्टवर उतरवून करंट वाढवतो, त्यामुळे ताशी ३० ला जवळपास दुप्पट वीज काढता येते. बॉक्सवरचा आकडा त्या स्पीडचा आहे. सामान लादून चढ चढणारा माणूस त्या स्पीडला नसतोच, आणि हब डायनॅमोची खरी गरज तर त्यालाच आहे!

दुसरी गोष्ट, फोन थेट जोडू नका हे लेखात ठळक यायला हवं होतं. ताशी दहाच्या खाली आलात, सिग्नलला थांबलात की चार्जिंग तुटतं, परत सुरू झालं की फोनची स्क्रीन पेटते, परत तुटतं, परत पेटते, आणि गर्दीच्या रस्त्यावर मिळवलेली वीज त्या पेटण्यातच जाते. मध्ये छोटी पॉवर बँक ठेवा, आणि ती एकाच वेळी चार्ज होणारी आणि चार्ज करणारी असावी, सगळ्या तशा नसतात, काही तर करंट कमी आला की सरळ बंद पडतात. दिवसभर पॉवर बँक भरा आणि मुक्कामाला तिच्यावर फोन लावा, हे सगळ्यात सोपं.

चार डायोड, एक कपॅसिटर आणि एक रेग्युलेटर जोडून घरी सर्किट बनवणारे पण खूप आहेत, जरूर बनवा, शिकायला यासारखं दुसरं काही नाही. पण लोड नसताना, म्हणजे वीज कोणी घेत नसताना, मोठ्या उतारावर हबचं व्होल्टेज ३०-४० च्याही वर जातं, तेवढं सोसणारे पार्ट आणि ओव्हरव्होल्टेजचं प्रोटेक्शन नसेल तर सर्किट जळेल आणि जोडलेला फोनही जाऊ शकतो.

आणि एक गैरसमज. हब हातात धरून एक्सल बोटांनी फिरवला की टक टक अडकल्यासारखा लागतो, ते बघून लोक म्हणतात बापरे हे ओढायचं? ते आतले मॅग्नेट आहेत, एक मागे खेचतो तसा पुढच्या क्षणी पुढेही खेचतो, चाक फिरायला लागलं की ते जाणवतही नाही. चार्जिंग चालू असताना पाच-सहा वॉट जास्त लागतात, आरामात चालवणारा माणूसही ७५-१०० वॉट काढतो, त्यात हे काहीच नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा ताशी १०, १५, २० आणि २५ ला किती वॉट मिळतात एवढं एका छोट्या चौकटीत द्या, आणि चार्जर विकणाऱ्यांनीही बॉक्सवर तेच छापावं. त्याच चौकटीत दिवा चालू असताना चार्जिंग होतं की नाही हेही यावं, कारण ३ वॉटमध्ये दोन्ही धड होत नाही, आणि अंधार पडल्यावर शेवटच्या तासाभरात दिवा ठेवू की फोन हा प्रश्न येतोच. तिथे दिवाच ठेवा.

आपला,
एक सायकलवाला वाचक