पेटीचं वय काढून देणाऱ्या पोस्टातल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर दोनदा आभार मानायला गेले, दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, पाऊस काय म्हणतोय तिकडं?" म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे आजीची एक शिसवी पेटी आहे. वीतभर लांब, झाकणावर पांढऱ्या तुकड्यांनी जडवलेला हत्ती आणि नारळाची दोन झाडं, आत लाल मखमल. म्हैसूरला जाऊन आलेल्या घरांत असते तसलीच. तिची कथाही घरात ठरलेली होती. आजी-आजोबांचं लग्न बेचाळीसच्या मे महिन्यातलं, लग्नानंतर आजोबांनी आजीला म्हैसूर दाखवलं, तिथून आणलेली ही हस्तिदंती पेटी. पुरावा विचारला की बाबा ती उलटी करून तळावरचं लेबल दाखवायचे. त्यावर इंग्रजीत 'मायसोर स्टेट' छापलेलं. स्टेट म्हणजे संस्थान, म्हणजे महाराजांच्या काळातली, विषय संपला. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदारानं तर लेबल न बघताच "शंभर वर्षं कुठं गेली नाहीत" असं सांगितलं आणि दीड हजार देऊ केले. शंभर वर्षांचे दीड हजार! शंका तेव्हाच यायला हवी होती.

तुम्ही बाबांना भेटायला आला होतात. पेटी टेबलावर होती. चहा गार होईपर्यंत तुम्ही तिच्याकडे बघत होतात, आणि मग खिशातून ते तिकिटं बघायचं भिंग काढलंत.

"संस्थान गेलं तरी नाव राहिलं ना," तुम्ही म्हणालात. राज्याचं नाव म्हैसूरच होतं, कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. छप्पन साली बेळगाव-धारवाड मुंबई राज्यातून तिकडं गेले तेही 'म्हैसूर राज्यात'च गेले, हे मिरजेत राहून आम्ही विसरलो होतो. आर.एम.एस.च्या, म्हणजे रेल्वेतल्या टपालाच्या, डब्यात रात्र रात्र टपाल लावलेल्या माणसाला विसरून कसं चालेल!

मग तुम्ही पत्ता वाचलात: सयाजीराव रोड, मायसोर-1. बडोद्याच्या सयाजीरावांचं नाव म्हैसूरच्या भर बाजारातल्या रस्त्याला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पिनकोड नव्हता. तो 15 ऑगस्ट 1972 ला आला, आणि आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले, शिवाय संस्कृतातले कवी, हे सांगताना तुमची छाती केवढी फुगली होती! (त्या आधीचं पुणे-30 म्हणजेच आजचं 411030, ही तुमची गंमत मी तेव्हापासून चौघांना तरी ऐकवली आहे.) मी लगेच म्हटलं, म्हणजे पेटी बहात्तरच्या आधीची. तुम्ही मान हलवलीत. लोक कित्येक वर्षं पिन लिहीतच नव्हते, आणि छापलेली लेबलं संपेपर्यंत कुठला दुकानदार नवी छापतो? नसलेल्या गोष्टीवरून फार काही ठरवायचं नाही, असलेली शोधायची, असं म्हणून तुम्ही पेटी खिडकीजवळ नेलीत.

आणि सापडली. लेबलच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, पण वाचला कुणीच नव्हता. तिरक्या उजेडात धरल्यावर मलाही दिसला: 9-75, आणि पुढे बारीक अक्षरात इंग्रजी 'एन.पी.'. नये पैसे. तुम्ही मला टेबलावर बोटानं हिशेब करून दाखवलात. आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. तेव्हा हीच किंमत 9-12-0 अशी लिहिली असती, कारण बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. शंभर पैशांचा रुपया झाला 1 एप्रिल 1957 ला. जुन्या पैशाशी घोटाळा नको म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हटलं, आणि 1 जून 1964 पासून त्यातला 'नया' गेला. चौसष्टनंतरही एखाद्या दुकानदाराच्या हाताला सवय राहिली असेल, ते तुम्ही मान्य केलंत. पण सत्तावन्नच्या आधी एन.पी. लिहिणारा दुकानदार जन्मालाच यायचा होता.

बेचाळीस साल तिथंच बाद झालं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेटी सरळ करून ठेवली.

हस्तिदंताचंही तसंच. हत्तीचा एक सुळा निखळून पेटीतच पडला होता. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते, हाडावर काळपट ठिपके असतात. आमच्या सुळ्याला दोन्ही नव्हतं. भिंगाखाली एक इवलासा हवेचा बुडबुडा मात्र होता. तुम्ही "प्लास्टिक" हा शब्द इतक्या हळू आवाजात उच्चारलात, जणू पेटीला ऐकू जाईल. गरम सुई लावून बघू का, असं मी विचारल्यावर तुम्ही ज्या नजरेनं पाहिलंत, त्याबद्दलही आभार.

आता तुम्हाला माहीत नसलेला भाग. त्याच रात्री मी कोल्हापूरच्या आत्याला फोन लावला. सत्तावन्न ते चौसष्टमधलं काही आठवतंय का म्हणून. आत्या हसायलाच लागली. "अगं, आई कुठं गेली होती म्हैसूरला! अण्णा शाळेतल्या मास्तरांबरोबर गेले होते, दिवाळीच्या सुट्टीत. पानशेत फुटलं ना, त्या वर्षीची दिवाळी. मी अकरावीला होते, आणि अण्णा ऐन मॅट्रिकच्या वर्षात मला सोडून फिरायला गेले म्हणून मी रुसले होते." पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. तुमच्या दोन तारखांच्या अगदी मधोमध.

आजी आजारी सासूजवळ घरी थांबली होती. आत्याला पेटीची किंमतही आठवते, कारण "दहा रुपये लाकडात घातले" यावरून पणजी दोन दिवस बोलत होती. पंचवीस नये पैसे तिनं उगाच वाढवले. आणि बेचाळीसचं म्हणाल तर आजी एवढंच सांगायची, "ह्यांनी लग्नानंतर आणली." खोटं काय आहे त्यात? एकोणीस वर्षांनी आणली, पण लग्नानंतरच ना! तिला म्हैसूरला आम्हीच पाठवलं, ती गेल्यानंतर.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी दहा वर्षांचा होतो. मला काय आणलं होतं, विचार तिला." आत्या म्हणते, म्हैसूरपाक. तो गाडीतच अण्णांच्या मित्रांनी संपवला.

सुटलेली मखमल तुम्ही सांगितलीत तशी खळीनंच चिकटवली, फेविकॉलला हात लावला नाही. सुळा कागदाच्या पुडीत ठेवलाय. तुम्ही लिहून दिलेली तारखांची चिठ्ठीही पेटीतच आहे, तिच्यामागे आत्याचं सांगणं मी लिहून ठेवलंय, पानशेतसकट.

पुढच्या वेळी याल तेव्हा भिंग विसरू नका. माळ्यावर पितळेचं एक तबक सापडलंय, मागे 'सिलोन' असं कोरलेलं. बाबांनी त्याची कथा सांगायला सुरुवात केली आहे, मी त्यांना तुम्ही येईपर्यंत थांबवून धरलंय.

आपली,
पेटीवाल्या घरातली मुलगी