सहल सांगितलीत, चावीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘सुट्टीत सहकुटुंब सातारा’ हा लेख वाचला. लगेच लिहायला बसणार होतो, पण घरातून सांगणे आले, एक दिवस जाऊ द्या, बीपी वाढतो. म्हणून आज सोमवारी लिहितो आहे. वाढायचा तो वाढलाच.

लेखात बारा ठिकाणे दिली आहेत. पहिले अर्थातच कास. ‘रंगीबेरंगी फुलांचे गालिचे पाहून बच्चेकंपनी हरखून जाईल.’ अहो, महिना कोणता चालू आहे? कासची फुले ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. आत्ता तिथे तांबडा कातळ आणि वाळके गवत आहे, हरखायला काही नाही. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा बहरते, तिच्याही दर्शनाचे आमंत्रण तुम्ही देऊन टाकलेत. दुसरे ठिकाण ठोसेघर. मे महिन्यात ठोसेघरचा धबधबा बघायला जाणे म्हणजे पंगत उठल्यावर मांडवात शिरणे. लेख बहुधा मागच्या सप्टेंबरात कुठेतरी पडून राहिला असावा आणि जाहिराती कमी पडल्या म्हणून आत्ता बाहेर काढला असावा. माझा अंदाज चुकीचा असेल तर क्षमस्व.

त्याच कासच्या रस्त्याला मे महिन्यात करवंदे मिळतात. यवतेश्वरचा घाट चढून गेले की बायका पानाच्या द्रोणात घेऊन बसलेल्या असतात. एकेक करवंद समोर धरून ‘कोंबडा की कोंबडी’ विचारायचे, मग फोडून बघायचे, आत लाल निघाला तर कोंबडा. आमची नातवंडे यात तासभर रमतात, आणि मी गेली साठ वर्षे रमतो आहे. लेखात करवंदाचा क नाही.

मूळ मुद्दा ‘सहकुटुंब’ या शब्दाचा. प्रत्येक ठिकाणापुढे ‘स्वतःचे वाहन असल्यास उत्तम’ असे छापले आहे. आमचे कुटुंब सांगतो. मी (68), सौ., आमच्या वहिनी (76, दोन्ही गुडघे दुखरे), मुलगी, जावई, नातू (10) आणि नात (6). स्वतःचे वाहन म्हणजे एक स्कूटर. पण एसटीत बसवा आम्हाला! वहिनींना 75 च्या वर म्हणून तिकीटच नाही. सौ. आणि मुलीला महिला म्हणून निम्मे, मला ज्येष्ठ म्हणून निम्मे, नातवंडांना वयाने निम्मे. सात माणसांत पूर्ण तिकिटाचा धनी एकटे जावई. सज्जनगडला आम्ही असेच जातो. दुपारी समर्थांच्या मठात प्रसाद घेतो, संध्याकाळी घरी. मी एसटीत 31 वर्षे काढली, शेवटची काही वर्षे वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून हे तोंडपाठ आहे असे समजू नका. साताऱ्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, ती याहून चोख हिशेब सांगेल. तुमच्या लेखकाला मात्र सज्जनगडला एसटी जाते हेच ठाऊक नसावे.

आणि आता ज्या वाक्याने मला लिहायला बसवले ते वाक्य. लेखाच्या शेवटी चौकटीत ‘पालकांसाठी टिप्स’ आहेत. त्यातली तिसरी: ‘उन्हाचे दिवस आहेत, मुलांना आणि ज्येष्ठांना सतत पाणी पाजत राहा.’

पाजतो. पुढे?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. गावातल्याच एका बागेत आम्ही सगळे गेलो होतो. बागेचे नाव लिहीत नाही. साडेपाचचा सुमार, ऊन कलले होते. सौ.ने डब्यात थालीपीठ घेतले होते, जावयांनी भेळ बांधून आणली. वहिनी फार दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या. पाठ मोडलेल्या बाकावर का होईना, टेकल्या आणि म्हणाल्या, “भावजी, बरं केलंत आणलंत ते.” दहा मिनिटे झाली असतील नसतील, नात आईच्या कानात काहीतरी बोलली. मी स्वच्छतागृह शोधायला निघालो. सापडले. छान रंगवलेले, दारावर फुलपाखरू. शेजारी संगमरवरी पाटी, तिच्यावर सन्माननीय उपस्थितांची नावे, ती मी मोजली, नऊ होती. आणि दाराला कुलूप.

रखवालदाराला विचारले. तो म्हणाला, “चावी मुकादमाकडं.”

“मुकादम कुठं आहेत?”

“लग्नाला गेल्यात कोरेगावला. उद्या येतील.”

“अहो, लहान मूल आहे. उद्यापर्यंत काय करायचं?”

त्याने हनुवटीने मेंदीच्या कुंपणामागे दाखवले. “तिकडं मागं जावा की.”

माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात जे होते ते त्याने दिले, आणि त्याच्या हातात कुंपणच होते. नातीचे भागले. पण मागे वळून बघतो तर वहिनी माझ्याकडे बघताहेत. त्यांनी सगळे ऐकले होते. 75 वर्षांची बाई, तिला मी मेंदीच्या मागे जा म्हणू? त्या इतकेच म्हणाल्या, “भावजी, रिक्षा बघा.” थालीपिठाचा डबा तसाच परत आला. अर्धा तासही सहल टिकली नाही.

तेव्हापासून कुठे जायचे ठरले की वहिनी सकाळपासून पाणी पीत नाहीत. डॉक्टर रागावतात, आम्ही रागावतो, त्या ऐकून घेतात आणि पीत नाहीत. आता तुमची तिसरी टीप त्यांना वाचून दाखवण्याचे धाडस माझ्यात नाही. आपण कोणाला तरी पाठवावे.

तक्रार केली का, असे आपण विचाराल. केली. दोन प्रतींत केली, आवक क्रमांक घेतला. महिन्याने बघायला गेलो तर खरोखर कार्यवाही झालेली होती. जुने गंजके कुलूप काढून नवे, मोठे, पितळी बसवले होते.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचो तेव्हा बायाबापड्यांचा पहिला प्रश्न गाडीचा नसायचा. पोराला कडेवर घेतलेली बाई आधी ‘बाथरूम कुठंशी हाय?’ विचारायची आणि मग कराडची गाडी. आपल्या बारा ठिकाणांपुढे अंतर आहे, अंदाजे खर्च आहे, ‘सेल्फी पॉइंट’ तर ताऱ्याची खूण करून दिला आहे. बाथरूमचा रकाना एकापुढेही नाही. बारामोटेच्या विहिरीपुढे फक्त दोन ओळी, त्यातही ‘निसर्गरम्य ठिकाण’. शेरी लिंबची ती विहीर विरूबाईंनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली, 110 फूट खोल आहे, आत दगडी जिना आणि वर मोटांच्या जागा. मे महिन्यात पायऱ्या उतरू लागले की अंगाला गारवा जाणवतो. आमच्या नातवाने तिथे पहिल्यांदा मोट म्हणजे काय ते विचारले आणि मला हातवारे करून बैल व्हावे लागले. निसर्गाचा त्यात काय संबंध?

आता फोटोबद्दल. संगम माहुली म्हणून जो घाट छापला आहे तो माहुलीचा नाही, तो वाईपलीकडचा मेणवलीचा आहे. घाटावरच्या देवळीतली मोठी घंटा फोटोत स्वच्छ दिसते. ती वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली, मेणवलीला जाऊन आलेले शाळकरी पोरही ओळखेल. माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम आहे आणि मुलांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्या त्याचे नाव. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवले असे सांगतात. आमची नात दरवेळी त्याच्यासाठी बिस्किट नेते. ज्या लेखाला ‘बच्चेकंपनी’ हा शब्द पाच वेळा लागला, त्यात खंड्या एकदाही नसावा?

अजिंक्यताऱ्यावर चढण्याबद्दल आपण लिहिले ते मात्र बरे लिहिले आहे. तेवढे एक. पहाटे गेले तर वरून सज्जनगड, जरंडा, चंदन-वंदन सगळे दिसते. सात डोंगरांवरून सातारा नाव पडले असे मी नातवाला सांगतो आणि तो दरवेळी मोजून पाचच भरवतो. पण चौकटीत लिहायला हवे होते की वर जाण्याआधी घरूनच सगळे उरकून निघावे. तसे बारांपैकी बाराही ठिकाणांना लिहायला हवे होते म्हणा.

जाता जाता, शनिवारच्या शब्दकोड्यात आडवा 14 आणि उभा 9 एकमेकांत बसत नाहीत. दोन दिवस आमच्या सौ. माझ्यावर संशय घेत होत्या.

पत्र छापलेत तर एक करावे, बागेच्या स्वच्छतागृहाची चावी दुसऱ्या कोणाकडेही असू द्या, हे वाक्य कापू नये. बाकी काहीही कापा. आणि नाव छापू नये. गाव लहान आहे, मुकादम आमच्या नात्यातला निघाला.

कळावे,
आपला जुना वाचक,
(सेवानिवृत्त एसटी कर्मचारी)
यादोगोपाळ पेठ, सातारा