सोमवारपासून एक मावशी येणार आहेत

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न.

हे फोनवर झालं नसतं. आई फोन बाबांकडे देते, बाबा "बरं, बघू" म्हणून ठेवून देतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहिते. येत्या सोमवारपासून दिवसभरासाठी, बाबांचं करायला, मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून एक मावशी येणार आहेत. मी त्यांच्याशी बोलले आहे, पहिल्या महिन्याचे पैसेही भरले आहेत. तेव्हा आता "बघू" नाही.

चिडू नका, पुढचं वाचा.

आई, तू म्हणशील, आम्ही आजीचं सगळं केलं, परक्या बाईचा हात लागू दिला नाही. खरं आहे. पण तेव्हा मोठी काकू होती, दोन्ही आत्या आलटून पालटून येत, रात्री काका उशाशी बसत. त्यातही तुझ्या वाट्याला जास्त आलं, हे मला माहीत आहे, आणि त्या उन्हाळ्याबद्दल मी काहीच बोलत नाही. तरी घरात माणसं होती. तुमच्यासाठी मी एकटी आहे. तुमचे जावईही एकुलते एक, त्यांचेही आईवडील थकलेत. चार वडीलधारी माणसं, करणारे आम्ही दोघं, आणि पुढे तुमची एक नात.

बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून आकडे देते. तुमच्या लहानपणी आपल्या देशात एका बाईला सरासरी 6 च्या आसपास मुलं होत. 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 3.4 होता, 2019-21 मध्ये 2.0 वर आला. पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राहायची तर साधारण 2.1 लागतात. मुली शिकल्या, लग्नं उशिरा होऊ लागली, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागली, की कुटुंब आपोआप लहान होतं. दुसरीकडे आयुष्य लांबलं. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं, आता 70 च्या घरात आहे. (लहान मुलं फार दगावत म्हणून तेव्हाची सरासरी इतकी खाली होती, सगळे बत्तिशीत जात नव्हते, तुम्ही दुरुस्त कराल त्याआधी मीच सांगते.) 2011 च्या जनगणनेत साठीपुढची माणसं 8.6 टक्के होती. 2050 पर्यंत पाचांत एक होतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. त्यात मीही असेन, आणि तेव्हा माझ्या लेकीने माझ्यासाठी मावशी ठेवली तर मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण ठेवू देईन.

चीनमध्ये 1980 च्या सुमारास एकच मूल असा सरकारी नियम आला, तो 2015 च्या अखेरीस सोडून दिला. त्यातून तयार झालेल्या घरांना तिकडे चार-दोन-एक म्हणतात. आपल्यावर कुणी हुकूम काढला नव्हता, तरी आपलं घर तसंच झालं. तुम्ही एकीवर थांबलात याची तक्रार नाही हं. जे शिकले, जिथे पोचले, ते त्यामुळेच. एवढंच, की दोन आत्या आणि एक काकू मी आणू कुठून?

लोक काय म्हणतील, हा आईचा पुढचा प्रश्न. जपानचं बघ. म्हाताऱ्यांचं सुनेनं-लेकीनं करायचं, हा रिवाज तिथेही कमी कडक नव्हता. पण फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचा वाटा 7 वरून 14 टक्क्यांवर जायला शंभराहून जास्त वर्षं लागली, जपानमध्ये ते 1970 ते 1994 एवढ्यातच झालं. घरच्यांनी करायचं म्हटलं तरी घरी माणूस नाही, अशी गत झाली. मग 2000 मध्ये त्यांनी देखभालीचा विमाच सुरू केला. चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात, आणि गरज पडली की मदतनीस घरी येते. आपल्याकडे सरसकट तसं काही नाही, म्हणून ब्युरो. त्यात कमीपणा कसला?

घरातलं काही बदलणार नाही. बाबांची खुर्ची खिडकीपाशीच राहील, रेडिओ त्यांच्या वेळेला लागेल, कपाटाची किल्ली आईकडेच असेल. मावशींनी बाबांना अंघोळीला नेणं-आणणं, सकाळ-संध्याकाळ फिरवणं आणि गोळ्या वेळेवर देणं, एवढंच करायचं आहे. गोळ्यांवरून आठवलं. आई, तू बाबांची गोळी सुरीने तोडतेस, एक तुकडा मोठा होतो, एक लहान, आणि चुरा कागदाच्या पुडीत "उद्यासाठी" ठेवतेस. हे आजपासून बंद. गोळी कापायची डबी पाठवली आहे. आणि बाबांना काखेत हात घालून उचलायचं नाही. तुझ्या मणक्याचा फोटो मीही पाहिला आहे.

बाबा, मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा मी खाजवू नये म्हणून रात्रभर माझे दोन्ही हात तुम्ही धरून बसला होतात. सकाळी बोटं उघडेनात, तरी तसेच कामावर गेलात. मला तुमच्याजवळ तसं बसायचं आहे, आणि दर सुट्टीला मी येऊन बसणारच आहे. पण एखाद्या दुपारी न्हाणीघरात पाय घसरेल तेव्हा मी तिथे नसेन. मागच्या वेळी नव्हतेच. ते मला शेजाऱ्यांकडून कळलं, तुमच्याकडून नाही. यापुढे असं चालणार नाही.

न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे बसवायचे आहेत. माणूस आला की दार उघडायचं, "नंतर या" म्हणायचं नाही. रात्रीचा दिवा चालू ठेवायचा, बिलाची काळजी करायची नाही. मावशींना नावाने हाक मारा, दुपारी तासभर पडू द्या. आणि बाबा, पहिल्याच दिवशी त्यांच्या हिशेबाची वही तपासायला घेऊ नका.

दोन महिने बघा. नाहीच जमलं तर दुसऱ्या मावशी बघू. पण कुणीतरी असतील, एवढं नक्की.

तुमची,
छकुली

ता. क. आई, मावशी येणार म्हणून सोमवारी पहाटे उठून घर झाडून-पुसून ठेवू नकोस.