उष्माघात कक्षाची किल्ली : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात आपण सोलापुरात आला होता, तेव्हा या उन्हाळ्यात उपचाराविना एकही माणूस दगावणार नाही आणि सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष सज्ज राहतील, असा शब्द आपण दिला होता. त्या सभेत मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. गेल्या मंगळवारी दुपारी तशाच एका कक्षाच्या दारात उभे राहण्याची वेळ माझ्यावर आली. दारावर फलक होता, फलकावर आपले छायाचित्र होते आणि कडीला कुलूप होते.

माझी पत्नी 54 वर्षांची असून गेली 30 वर्षे विड्या वळते. पूर्व भागातील आमचे घर पत्र्याचे आहे. सुपातील तंबाखू उडतो म्हणून विड्या वळताना पंखा बंद ठेवावा लागतो, हे आपल्याला कोणी सांगितले नसावे. एरवी ‘दुपारी 12 ते 3 घराबाहेर पडू नका’ हा सल्ला आम्हाला इतक्या निश्चिंतपणे दिला गेला नसता. आमचे ऊन घरातच राहते. रात्री नऊ वाजता बाहेर झुळूक सुटलेली असते, तेव्हाही आमच्या भिंतीला पाठ टेकवत नाही.

त्या दिवशी दोनच्या सुमारास ती असंबद्ध बोलू लागली आणि मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. अंग तव्यासारखे तापले होते, पण घामाचा टिपूस नव्हता. शेजाऱ्यांनी तापाची गोळी दिली, मीही ती देऊ दिली. उष्माघातात या गोळीचा उपयोग होत नाही, कारण हा ताप जंतूंचा नसून शरीराची स्वतःला थंड करण्याची यंत्रणाच कोलमडल्याचा असतो, हे मला रुग्णालयातील परिचारिकेने नंतर सांगितले. शरीराचे तापमान 40 अंशांवर गेले की ते उतरवण्यातला प्रत्येक मिनिट मोलाचा असतो. आमची पंचवीस मिनिटे किल्ली शोधण्यात गेली. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. अखेर त्या परिचारिकेनेच बादलीत चादर भिजवून व्हरांड्यातल्या बाकावर पत्नीला गुंडाळले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि मी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला. त्या रसवंतीवाल्याने पैसे घेतले नाहीत; शासनाची उष्माघात योजना म्हणून मी त्याचेच नाव घेईन.

पत्नी वाचली, पण हात अजून थरथरतो. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे न वळलेल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि आजारपणाची रजा हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेला नाही. भरपूर पाणी पीत राहा, असे आपले फलक सांगतात. आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड येतो आणि पिंपातील पाणी दुपारी चहाला ठेवल्यासारखे होते. शहराला पाणी देणारे उजनी धरण भरले, की ती बातमी मात्र आनंदाने वाचतो.

खरे दुखणे याहून मोठे आहे. पत्नी त्या बाकावर दगावली असती, तर मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे आले असते आणि आपल्या अहवालातील शून्य शाबूत राहिले असते. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली, हे कळले ते त्या महिन्याच्या एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केल्यामुळे. त्यातूनच 2013 मध्ये तेथे देशातील पहिला उष्णता कृती आराखडा आला. आमच्याकडे अशी तुलना कोणी केलीच, तर कोणाची खुर्ची तापेल? पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात केंद्राच्या मदतीसाठी ज्या 12 आपत्ती धरल्या होत्या, त्यांत थंडीची लाट होती, उन्हाची नव्हती. सोलापूरकराने मदतीसाठी पात्र ठरायचे, तर त्याला एप्रिलमध्ये हुडहुडी भरायला हवी होती. राज्य आपल्या अखत्यारीत आपत्ती निधीचा दहावा हिस्सा स्थानिक आपत्तीसाठी वापरू शकते, असेही वाचनात आले. तो भाग आपण मला समजावून सांगावा, कारण मी कारखान्यात दिवाणजी होतो आणि हिशोब मला कळतो.

पत्र्यांना पांढरा चुना लावण्यासाठी वस्तीला मदत द्यावी, विडी जमा करण्याची वेळ दुपारऐवजी सकाळी ठेवण्यास कारखानदारांना सांगावे, एप्रिल-मे मधील मृत्यूंची वॉर्डनिहाय मोजणी जाहीर करावी, या मागण्या मी लेखी दिल्या होत्या. पोच मिळाली, उत्तर नाही. आता एवढेच विचारतो : त्या कक्षाची किल्ली या आठवड्यात कोणाकडे असेल, ते नावानिशी दारावर लावाल का? आपले छायाचित्र थोडे लहान केले, तर जागा होईल.

आपला,
पूर्व भागातील एक रहिवासी, सोलापूर